वाचकांचे प्रश्न: जायफळाचं दूध, उडदाचे लाडू आणि मुसळीची पावडर

प्रश्न : ताई नमस्कार, माझं लग्न मार्गशीर्षात आहे. मावशी म्हणते पहिल्या रात्री नवऱ्याला केशर-बदाम-जायफळाचं दूध द्यायचं, सिनेमात पण तेच दाखवतात. त्याने खरंच काही होतं का नुसतं शास्त्रापुरतं? आईला विचारायची लाज वाटते म्हणून तुम्हाला विचारते.
– एक होणारी नवरी, सातारा

उत्तर : अगं होतं ना, झोप लागते! हे तेच जायफळ आहे जे आजी सहाणेवर एक वळसा उगाळून बाळाला गुटीत देते, बाळ शांत झोपावं म्हणून. आता विचार कर, पहाटे चारला उठून हळद, मुहूर्त, पंगत, फोटोवाल्यासमोर तीन तास उभं राहणं, मग गृहप्रवेश, आणि एवढं झाल्यावर त्या बिचाऱ्याला गरम दूध आणि वर जायफळ. तो साडेदहाला घोरायला लागला तर त्याला दोष देऊ नकोस, मावशीला दे. घालायचंच तर चिमूटभर, चवीपुरतं. आणि काही पोरं नेटवर वाचून अख्खं जायफळ पोटात घालतात, ते अजिबात नको, ते विषारी पडतं, उलट्या, छातीत धडधड, भास, दोन-दोन दिवस माणूस ठिकाणावर येत नाही.

केशराचं म्हणशील तर ते त्या पेल्यात आलं मुख्यतः महाग म्हणून. काश्मीरात पांपोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे हाताने फुलं खुडतात, एका फुलात तीन काड्या, साधारण दीडशे फुलं तेव्हा एक ग्रॅम. असली वस्तू दुधात घालणं म्हणजे आज तू खास आहेस असं न बोलता सांगणं. इराणमध्ये डिप्रेशनच्या गोळ्यांमुळे लैंगिक त्रास सुरू झालेल्या लोकांना रोज ३० मिलीग्रॅम केशर चार आठवडे देऊन बघितलं, थोडा फरक दिसला, पण गट लहान होते. आणि ३० मिलीग्रॅम म्हणजे तेरा-चौदा काड्या, रोज! मावशी चार घालणार, त्याही मोजून.

प्रश्न : वय ५४, शुगर आणि बीपी दोन्ही. गेल्या वर्षापासून त्रास आहे, समजून घ्या. मित्राने "शंभर टक्के आयुर्वेदिक" कॅप्सूल दिली, तासाभरात गुण येतो म्हणे आणि खरंच आला. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी पण डॉक्टरांनी दिलेली आहे. हे चालू ठेवू का?
– नाव नको, नाशिक

उत्तर : दादा, आजच बंद करा, उद्या नाही. मुळी-पाल्याला तासाभरात गुण येत नसतो. आपल्या जुन्या वैद्यकात आधी पोट साफ करायचं, मग दूध-तुपाचे पाक आठवडेच्या आठवडे, असा तो मामला आहे. तासात काम करणाऱ्या "आयुर्वेदिक" कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, किंवा त्याचा भाऊबंद गुपचूप घातलेला असतो, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध खात्याने, असली कितीतरी पाकिटं पकडून जाहीर केलीत. ते औषध आणि तुमची जिभेखालची गोळी एकत्र आली तर बीपी एकदम खाली कोसळतं, माणूस दगावू शकतो. दुसरी गोष्ट, शुगरने रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात आणि हा त्रास कधीकधी हृदयाच्या दुखण्याची पहिली घंटा असतो, म्हणून लाज सोडा आणि डॉक्टरांना हेच वाक्य सांगा जे मला लिहिलंत. ती कॅप्सूलची बाटली पण सोबत न्या.

प्रश्न : आमच्याकडे घरात वाद लागलाय. मुलगा म्हणतो वाजीकरण वगैरे सगळं कामसूत्रातलं चावट प्रकरण, सासूबाई म्हणतात आपल्या डिंकाच्या लाडवांत तेच पडतं. कोण बरोबर?
– वाचक, सांगली

उत्तर : सासूबाई. मुलाला थोडे मार्क द्या.

वाजी म्हणजे घोडा, आणि वाजीकरण ही आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अख्खी शाखा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा, दुसरा लगेच वाजीकरणाचा, ताप-खोकला सगळं त्याच्यानंतर. हेतू चावटपणाचा नाही, संततीचा. सोळाच्या आत आणि सत्तरीनंतर या भानगडीत पडू नये असंही तिथे बजावलंय. सामान काय सांगितलंय? उडीद, दूध, तूप, साखर, मध, साठ दिवसांत पिकणारे साठीचे तांदूळ, अंडी, चिमण्यांचं मांस सुद्धा. आणि एवढी यादी देणारा हाच चरक म्हणतो की सगळ्यात श्रेष्ठ वाजीकरण म्हणजे मनाला आवडणारी बायको. कामसूत्रात शेवटच्या भागात असले पाठ आहेत हे खरं, बोकडाचं वृषण दुधात उकळून साखर घालून प्यायचं वगैरे, पण तिथेही लिहिलंय की ज्याची खात्री नाही, ज्याने शरीराला अपाय होतो, ज्यात जीव मारावा लागतो असं काही वापरू नका.

मला मजा वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ही यादी घेऊन आपल्या फडताळापाशी उभं राहा. शतावरी पुस्तकात पुरुषाच्या पाकात, घरात बाळंतिणीला दूध यावं म्हणून कल्प. आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, तिकडे घोड्याची ताकद, इकडे काही घरांत बाळाच्या गुटीत. गोखरू म्हणजे तर आपले सराटे हो, माळावर चपलेत घुसतात ते. उडदाचे लाडू थंडीत सगळ्यांनाच. नवरदेव, पैलवान, बाळंतीण, तान्हं मूल, चौघांना एकाच डब्यातून मिळायचं, कारण समज एकच, जे अंगाला लागतं तेच पुढे सगळीकडे लागतं. ज्या घरात तूप सणालाच दिसायचं तिथे महिनाभर डिंक, खारीक, गोडंबी, तूप पोटात गेल्यावर माणसाला उभारी येणारच, त्याला वेगळी जादू कशाला हवी. आजच्या माणसाला तूप कमी पडत नाही, झोप कमी पडते, म्हणून त्याला त्याच लाडवाने फक्त पोट सुटतं.

एक मात्र, कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी घरच्या घरी खायला जाऊ नका. त्यात एल-डोपा असतं, तेच जे कंपवाताच्या पेशंटला औषध म्हणून देतात.

प्रश्न : माझी पणजी सोवळी, म्हणजे विधवा होती. तिला कांदा, लसूण, विडा काहीच चालायचं नाही म्हणे. याचा या विषयाशी संबंध आहे का?
– विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आहे, आणि तुझा प्रश्न वाचून मी जरा वेळ नुसती बसून राहिले. कांदा-लसूण तामसी, वासना वाढवणारा, म्हणून चातुर्मासात बंद, त्याच्या आधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून भजी-भरीत-थालीपीठ खाऊन घ्यायचं. बाकीच्यांना चार महिने, तुझ्या पणजीला जन्मभर. विडा तर उघड शृंगाराचा, त्रयोदशगुणी विड्यात लवंग, वेलदोडा, जायपत्री, कंकोळ, केशर, कापूर असं काय काय, तो रंगलेल्या ओठांचा होता, म्हणून तोही काढून घेतला. मसाल्यांच्या ताकदीवर सगळ्यात जास्त विश्वास कुणाचा होता बघ, खाणाऱ्यांचा नव्हे, मना करणाऱ्यांचा. सतरा-अठराव्या वर्षी विधवा झालेल्या पोरी होत्या गं त्या. लसणाची चटणी भाकरीबरोबर नुसती चव म्हणून पण हवी असेल एखादीला.

प्रश्न : ताई, इथे न्यू जर्सीत सफेद मुसळी आणि अश्वगंधा दोन्ही पावडरी मिळतात, फार महाग. घेऊ का?
– वाचक, अमेरिका

उत्तर : अश्वगंधा थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, घरात कुणी गरोदर असेल तर तिला मुळीच नको, लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेसही आहेत. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये बंदीच घातली.

मुसळीचं शास्त्रीय नाव माहितीये? क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम, आपल्या बोरिवलीवरून! तुम्ही डॉलर मोजताय, आणि इकडे पहिला पाऊस पडला की पालघर-कर्जतच्या बाजारात आदिवासी बायका त्याच कुळातल्या फोडशी नावाच्या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. जूनमध्ये गावी आलात तर घ्या, बुडखा आणि मधला जाड दांडा काढून टाका, पानं बारीक चिरून दोन पाण्यात धुवा, माती फार असते, मग कांदा, भिजवलेली मूगडाळ आणि लसूण जरा सढळ हाताने.