पाय अपडेट केल्यावर सगळे स्विच ‘अनअव्हेलेबल’: राउटरमध्ये १८८३ पोर्ट उघडावा का?

तुम्ही रास्पबेरी पाय हा छोटा संगणक त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बस्टर आवृत्तीवरून बुल्सआय आवृत्तीवर नेलात. त्यावर चालणाऱ्या होम असिस्टंटचं (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) पान ८१२३ पोर्टवर नीट उघडतंय, पण टास्मोटा हे फर्मवेअर टाकलेले सगळे सोनऑफ वायफाय स्विच ‘अनअव्हेलेबल’ दिसतायत, म्हणून स्विच ज्या १८८३ पोर्टवरून पायशी बोलतात तो राउटरमध्ये उघडायचा विचार आहे.

नका उघडू. स्विच आणि पाय एकाच घरातल्या वायफायवर आहेत, त्यांचं बोलणं घराबाहेर जातच नाही. पोर्ट फॉरवर्ड करून स्विच चालू होणार नाहीत आणि तुमचा ब्रोकर (स्विच आणि होम असिस्टंटचे निरोप पोचवणारा पायवरचा प्रोग्रॅम) मात्र अख्ख्या इंटरनेटला दिसायचा धोका.

गडबड बहुतेक मॉस्किटोत, म्हणजे याच ब्रोकरमध्ये आहे. बस्टरमध्ये तो १.५ होता, बुल्सआयमध्ये २.० येतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या २.० पासून नियम बदलला: कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) लिसनर, म्हणजे कुठल्या पोर्टवर ऐकायचं ती ओळ, लिहिलेली नसेल तर मॉस्किटो फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून येणाऱ्यांचंच ऐकतो. आधी तो घरातल्या कुणाचंही ऐकायचा, तेही पासवर्ड न विचारता. होम असिस्टंट त्याच पायवर असल्यामुळे त्याचं कनेक्शन शाबूत राहतं आणि आपल्याला वाटतं, ब्रोकर तर ठीक आहे.

माझ्याकडे हे गच्चीवरच्या टाकीमुळे कळलं. रात्री अपडेट केलं, सकाळी आईने मोटर स्विचच्या बटणावरून चालू केली. टाकी भरली, पण ‘बंद हो’ हा निरोप स्विचपर्यंत पोचलाच नाही. जिन्यावरून पाणी वाहत खाली आलं तेव्हा जाग आली. मीही आधी राउटरच उघडून बसलो होतो. शेवटी ब्राउझरमध्ये स्विचचा आयपी टाकून टास्मोटाचा कन्सोल उघडला. तिथे दर थोड्या वेळाने तीच ओळ येत होती: पायचा पत्ता, १८८३, कनेक्ट फेल्ड, आरसी (कारण सांगणारा आकडा) -२.

तुम्हीही आधी तो आकडा बघा. -२ म्हणजे जोडणीच झाली नाही. ५ म्हणजे पोर्ट सापडला, पण ब्रोकरने आत घेतलं नाही.

मग पायवर ही कमांड द्या (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं): सुडो एसएस -टीएलएनपी. १८८३ ची ओळ शोधा. तिथे १२७.०.०.१:१८८३ दिसलं तर दुखणं सापडलं. हवं आहे ०.०.०.०:१८८३. पोर्ट चालू आहे का एवढंच बघून भागत नाही, तो कुठल्या पत्त्यावर ऐकतोय हे बघावं लागतं. दोन्ही वेळा पोर्ट ‘चालू’च असतो.

मॉस्किटोच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये नवी फाइल करून तीन ओळी लिहा: ‘लिसनर १८८३’, ‘अलाऊ_अनॉनिमस फॉल्स’ आणि ‘पासवर्ड_फाइल’च्या पुढे तुमच्या पासवर्ड फाइलचा पूर्ण पत्ता. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या ओळीत ‘ट्रू’ करा असा सल्ला मिळेल. त्याने काम लगेच होतं, पण घरातल्या वायफायवर आलेला कोणीही तुमची मोटर चालू-बंद करू शकेल. पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पासवर्ड लावाच.

पासवर्ड फाइल ‘मॉस्किटो_पासडब्ल्यूडी’ने बनते. पहिल्या युजरला ‘-सी’ लावा, दुसऱ्याला चुकूनही नको: ‘-सी’ फाइल नव्याने करतं, आधीचे युजर पुसले जातात. फाइल मॉस्किटो नावाच्या युजरला वाचता आली पाहिजे, नाहीतर सर्व्हिस उठणारच नाही.

मॉस्किटो रीस्टार्ट केल्यावर स्विचवर -२ जाऊन ५ आला तर घाबरू नका, अर्धं काम झालं. आता प्रत्येक स्विचच्या एमक्यूटीटी (ब्रोकरशी बोलायची पद्धत) सेटिंगमध्ये आणि होम असिस्टंटमध्येही युजर-पासवर्ड भरा. होम असिस्टंट विसरलात तर मघाशी चालू असलेलं तेवढंही बंद पडेल.

एसएसमध्ये ०.०.०.० दिसतंय आणि तरीही -२ जात नसेल, तर अपडेटनंतर पायचा आयपी बदललाय का ते बघा आणि राउटरमध्ये तो कायमचा राखून ठेवा. आयपी तोच असेल तर पायवरचा फायरवॉल तपासा. तरीही अडलं तर कन्सोलवरची ती एक ओळ जशीच्या तशी कळवा.