प्रश्न तुमचे : एकच सिस्टिम पुरेशी नाही का?

प्रश्न : मी कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. प्रात्यक्षिकं सगळी विंडोजवर होतात. लिनक्स ही दुसरी सिस्टिम आणावी म्हटलं की सहकारी म्हणतात, ‘नोकरीत विंडोजच लागतं, मुलांवर दुहेरी ओझं कशाला?’ काय करावं?

उत्तर : जरूर आणा. मात्र पहिल्याच तासाला कमांडची यादी फळ्यावर लिहू नका. मी दोन वर्षं तेच केलं. मुलांनी यादी पाठ केली, पेपरात उतरवली आणि सुट्टीत विसरली.

तिसऱ्या वर्षी मी सी भाषेतला छोटासा प्रोग्रॅम दिला. लिनक्सवर लागोपाठ तीनदा ‘फोर्क’ (चालू प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमची, प्रत काढणारी सूचना), मग एकदाच ‘नमस्कार’ छापायचं. ‘किती वेळा छापलं जाईल ते आधी वहीत लिहा,’ म्हटलं. कुणी तीन लिहिलं, कुणी चार. स्क्रीनवर आठ नमस्कार आले आणि वर्गात एकच गलका झाला! शेवटी एका मुलीनं फळ्यावर झाड काढलं : एकाच्या दोन प्रोसेस, दोनाच्या चार, चाराच्या आठ. प्रोसेस म्हणजे काय, हे मला पुन्हा समजावावं लागलं नाही.

त्याच तासाला विंडोजची नवी प्रोसेस सुरू करण्याची सूचना, ‘क्रिएटप्रोसेस’, दाखवा. तिथे चालू प्रोसेसची प्रत निघत नाही, ठरावीक प्रोग्रॅम घेऊन नवी प्रोसेस सुरू होते. एकच सिस्टिम पाहिलेल्या मुलाला वाटतं, हे असंच असतं. दोन पाहिल्या की तो विचारतो, ‘हे असं का केलं?’ मला वर्गात हाच प्रश्न हवा असतो.

पुढे आतला कोडही वाचायला द्या. युनिक्स या जुन्या सिस्टिमचा सोर्स कोड (मूळ प्रोग्रॅम) वर्गात शिकवायला परवान्यानं मनाई झाली, म्हणून प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी १९८७ मध्ये मुद्दाम शिकवण्यासाठी मिनिक्स ही छोटी सिस्टिम लिहिली. एमआयटीची शिकवण्यासाठीचीच सिस्टिम एक्सव्ही६ तर काही हजार ओळींचीच आहे, एका सत्रात वाचून होते. तिचा शेड्युलर (कोणती प्रोसेस कधी चालेल ते ठरवणारा भाग) बदलून ती पुन्हा चालू झालेली पाहताना मुलांचे चेहरे बघा.

नोकरीचं म्हणाल, तर अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचाच कर्नल, म्हणजे गाभा, आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवरच चालतात. सहकाऱ्यांना एवढं सांगा.

लॅबमधलं विंडोज काढू नका. व्हर्च्युअल मशिन (विंडोजच्या आतच चालणारा आभासी संगणक) वापरा आणि प्रयोगाआधी त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता येईल अशी त्या क्षणाची नोंद, घ्यायला लावा. डिस्कचं पार्टिशन (विभागणी) करताना एका मुलाचा अख्खा प्रोजेक्ट माझ्यासमोर पुसला गेला, ते अजून मनाला लागून आहे.

आणि पेपर तुम्ही काढत असाल, तर ‘पुढील कमांडचे उपयोग लिहा’ हा प्रश्न आधी काढून टाका. तो राहिला, तर मुलं पुन्हा यादीच पाठ करतील.