जर्मनीला निघण्याआधी पेपर पॉइंटवर हात बसवा

पेरिओत (हिरड्यांच्या शाखेत) एमडीएस झालंय, दाताच्या इम्प्लांटभोवतीचे घातक जंतू लवकर पकडणाऱ्या बायोसेन्सरवर (जैविक रेणूने जंतू ओळखणाऱ्या उपकरणावर) जर्मनीत पीएचडी मिळालीय, हाताशी दोन महिने आहेत, तर मुंबईत काय उरकून घेऊ, असं विचारलंत. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची पुस्तकं राहू द्या, ती तिकडे वाचून होतील. ओपीडी गाठा.

जर्मन परवाना मिळेपर्यंत तिथे पेशंटच्या तोंडाला हात लावता येणार नाही. नमुना दुसरं कोणीतरी घेणार आणि तो बिघडलेला आहे हे ओळखायचं तुम्ही. म्हणून नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात रीतसर परवानगी काढून हात बसवून घ्या. कापसाचे रोल लावा, हिरडीच्या कडेच्या वरचा प्लाक (जंतूंचा चिकट थर) प्लॅस्टिकच्या क्युरेटने (खरवडायच्या हत्याराने) काढा, हवेचा हलका झोत मारा आणि निर्जंतुक पेपर पॉइंट (द्रव शोषणारी कागदाची बारीक काडी) इम्प्लांट आणि हिरडीमधल्या खिशात अडेल तिथवर सरकवून ३० सेकंद ठेवा. टोक रक्ताने लाल झालं की तो फेका. प्लाक नीट काढला नाही, तर खिशातले जंतू मोजतोय असं वाटतं आणि मोजले जातात वरचे. त्याच तोंडातल्या निरोगी इम्प्लांटचा नमुनाही घ्या. ती तुमची तुलना.

जुना एक्स-रे नसेल तर २०१७ च्या वर्गीकरणाप्रमाणे रक्तस्राव, ६ मिमी किंवा जास्त खोली आणि ३ मिमी किंवा जास्त हाडझीज, ही तिन्ही असतील तर पेरि-इम्प्लांटायटिस, म्हणजे इम्प्लांटभोवतीचं हाड झिजवणारा दाह. पण तोवर उशीर झालेला असतो. सेन्सरचा खरा कस हाड शाबूत असताना, म्युकोसायटिसमध्ये (फक्त हिरडीच्या दाहात) लागतो.

आता सेन्सर. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर थायॉलचा (सोन्याला चिकटणाऱ्या गंधकयुक्त रेणूंचा) थर, त्याची टोकं ईडीसी-एनएचएस या जोडणी करणाऱ्या रसायनांनी जागी करायची, त्यावर पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस या हिरडीच्या जंतूची अँटिबॉडी, उरलेल्या जागा बीएसए या प्रथिनाने बंद. जंतू चिकटले की द्रावणातल्या फेरी-फेरोसायनाइडला सोन्यापर्यंत पोचायला अडथळा होतो आणि इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) चढतो. बिघडतं ते क्षुल्लक कारणांनी. ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढून थंड असतानाच उघडली की आत दव धरतं आणि पावडर वाया जाते (मुंबईच्या जुलैत तर विचारूच नका). खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा. अँटिबॉडी ट्रिस बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या एका द्रावणात) आली असेल तर आधी बफर बदला. ट्रिसचे अमाइन गट अँटिबॉडीची जागा बळकावतात. लाळेतली प्रथिनंही इलेक्ट्रोडवर बसतात आणि जंतू नसताना आकडा वाढवतात, त्यामुळे अँटिबॉडी नसलेला इलेक्ट्रोड प्रत्येक फेरीत सोबत हवाच. पान खाणाऱ्याचा नमुना वेगळी डोकेदुखी. कातातलं कॅटेचिन इलेक्ट्रोडवर स्वतःच ऑक्सिडाइझ होतं आणि आकडा बिघडवतं.

एक मेख आहे. अँटिबॉडीला जंतू जिवंत की मेलेला, फरक पडत नाही. सफाईनंतर लगेच घेतलेल्या नमुन्यावर विश्वास ठेवू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट आणि राज्य डेंटल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट इथे असतानाच काढा. हिपॅटायटिस बी ची टायटर (लसीने रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडीचं प्रमाण) तपासा, १० mIU/mL च्या खाली असेल तर डोस घ्यायला वेळ हवा. आणि पेशंटचे नमुने बॅगेत टाकून नेऊ नका. त्याला संमतीपत्र, एथिक्स कमिटी, दोन संस्थांमधला करार आणि यूएन ३३७३ चं (जैविक नमुने पाठवण्याच्या वर्गाचं) पॅकिंग लागतं. नेण्यासारखी गोष्ट म्हणजे तुमची वही, कोणता पॉइंट का फेकला त्याच्या नोंदींसकट.