माळढोक पक्षी आणि खवले मांजर (पँगोलिन) दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, मग आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने दिलेला दर्जा वेगळा का?

कारण अनुसूची हा कायदा आहे. त्या प्राण्याला किती संरक्षण आणि मारणाऱ्याला किती शिक्षा, एवढंच ती ठरवते. नामशेष होण्याचा धोका आययूसीएनची लाल यादी मोजते. तिथे माळढोक 2011 पासून अतिसंकटग्रस्त, खवले मांजर संकटग्रस्त.

वर्गीकरणात दोघांचा संबंध 'पृष्ठवंशी' इथेच संपतो. माळढोक ओटिडिफॉर्मिस गणातला. जुन्या पुस्तकांत तो क्रौंचांच्या गणात सापडेल, पण ढोकांशी (करकोच्यांशी) त्याचं नातं फक्त नावापुरतं. खवले मांजर सस्तन, गण फोलिडोटा. त्याला 'मुंगीखाऊ' म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. दात नाहीत, जीभ लांब, खाणं मुंग्या-वाळवी, हे सगळं खरं. पण दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊशी असलेलं साम्य खाण्याच्या सवयीतून आलंय, रक्ताचं नाही. डीएनए पाहिला तर याचे जवळचे नातलग मांसभक्षी गणातले, म्हणजे कुत्री-मांजरंच. आपलं 'मांजर' हे नाव त्या मानाने बरंच बरं.

दर्जा शोधताना हमखास होणारी चूक म्हणजे नुसतं 'पँगोलिन' टाकून शोधणं. ईशान्य भारतातलं चिनी खवले मांजर (मॅनिस पेंटाडॅक्टिला) अतिसंकटग्रस्त आहे, आणि त्याचाच दर्जा आपल्या मॅनिस क्रॅसिकॉडाटाला चिकटवला जातो. महाराष्ट्रात आढळतं ते हे दुसरं, म्हणजे भारतीय खवले मांजर. अंगाभोवती खवल्यांच्या 11 ते 13 रांगा आणि शेपटीच्या टोकाला खालच्या बाजूलाही खवला असेल, तर ते आपलं. म्हणून आधी शास्त्रीय नाव, मग दर्जा, मग तो कोणत्या निकषावर दिलाय ते बघा.

निकष महत्त्वाचा, कारण खवले मांजर निशाचर, बिळात राहणारं. त्याची नीट मोजदाद नाही. तीन पिढ्यांत निम्मे किंवा जास्त घटतील या अंदाजावर त्याला दर्जा मिळालाय. माळढोक उरले दीडशेच्या आसपास, मादी हंगामाला बहुधा एकच अंडं घालते, आणि जड शरीर व समोरचं कमी दिसणं यामुळे ते विजेच्या तारांवर आदळतात. तिथे तारा जमिनीखाली घ्या, गवताळ माळ राखा. खवले मांजराला मारते ती खवल्यांची तस्करी, तिथे खबऱ्यांचं जाळं आणि तपास लागतो. दोघांसाठी 'एक अभयारण्य काढा' म्हणणं मला बिनकामाचं वाटतं.

एक सांगायचं राहिलं: 1 एप्रिल 2023 पासून अनुसूची सहाच्या चार झाल्यात, तेव्हा जुन्या नोट्समधले अनुसूचीचे क्रमांक तपासूनच वापरा. सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये मात्र दोघेही आहेत.