आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा सर्वोत्तम काळ कोणता? पॉल डिॲनोचा, ब्रूस डिकिन्सनचा की ब्लेझ बेलीचा?

मुळात मेडनचे कालखंड गायकांच्या नावाने पाडायचे हीच मला खटकणारी गोष्ट आहे. कॉलेजात ड्रम वाजवायचो, त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

सलग तीन अल्बम घ्या. १९८१चा 'किलर्स', १९८२चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' आणि १९८३चा 'पीस ऑफ माइंड'. तिन्हींचा निर्माता मार्टिन बर्च. पहिल्या दोहोंत फक्त गायक बदलला, पॉल गेला आणि ब्रूस आला. दुसऱ्या-तिसऱ्यात फक्त ड्रमर बदलला, क्लाइव्ह बर गेला आणि निको मॅकब्रेन आला. आता सांगा, बँडचा चालण्याचा ढंग नक्की कुठे बदलला?

आमच्या बँडच्या गायकाला हे कधीच पटलं नाही. दादरला तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये आम्ही 'रन टू द हिल्स' आणि 'द ट्रूपर' बसवत होतो. त्याचं म्हणणं, "दोन्ही ब्रूसच्या काळातली गाणी आहेत, एकसारखीच वाजव ना!" अरे बाबा, पहिल्यात क्लाइव्ह आहे, दुसऱ्यात निको. क्लाइव्हच्या ठेक्यात एक झोका असतो, गाणं जरा पुढे कलल्यासारखं धावतं. निकोचं सगळं उजव्या पायात. मोठ्या ड्रमला एकच पेडल, आणि 'पीस ऑफ माइंड'मधल्या पहिल्या गाण्यात, 'व्हेअर ईगल्स डेअर'मध्ये त्यावर काढलेली ती तिहेरी ठोक ऐकून दोन पेडलवाले आजही तोंडात बोटं घालतात. अल्बमची पहिलीच आरोळी ड्रमची आहे, गायकाची नाही! मी त्याला 'ट्रूपर' आधी क्लाइव्हच्या ढंगाने वाजवून दाखवलं, मग निकोच्या. बेसवाला लगेच म्हणाला, "हो रे, फरक आहे." गायक माइकची वायर गुंडाळत म्हणाला, "लोक ड्रम ऐकायला येत नाहीत." भाड्याचा उरलेला वेळ भांडणातच गेला.

पुढे १ फेब्रुवारी २००८ला मेडन मुंबईत आले. ब्रूसने स्वतः विमान चालवत आणलं होतं, त्यामुळे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या (बीकेसी) मैदानात आमच्या गायकाची छाती आधीच फुगलेली. 'रन टू द हिल्स' सुरू झालं तसा तो माझ्या कानात ओरडला, "बघ, ड्रमर दुसरा, गाणं तेच!" तेच कसं? निको ते निकोसारखं वाजवत होता. जबरदस्त वाजवत होता, पण तो झोका नव्हता. एवढ्या गर्दीत हे समजावणार कसं? आजही तो मेसेजवर हाच मुद्दा उकरून काढतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवंच असेल तर माझ्या लेखी १९८० ते ८२, म्हणजे क्लाइव्हचे तीन अल्बम. त्यातल्या दोनांत पॉल गातो, एकात ब्रूस. त्यामुळे तुमच्या तीन खान्यांत ते बसत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आता न्यायाने बोलायचं तर निको नसता तर 'पॉवरस्लेव्ह' हा अल्बम नसता, आणि २०२३मध्ये पक्षाघाताचा झटका येऊनही हा माणूस २०२४च्या डिसेंबरपर्यंत दौऱ्यांवर वाजवत होता. ब्रूसचा आवाज मोठाच, ते कोण नाकारतंय? गिटारवाले म्हणतील १९९०मध्ये गिटारवादक एड्रियन स्मिथ गेला तिथे रेघ मारा. तेही गायकांपेक्षा बरं.

मध्ये ब्रूस बँड सोडून गेला तेव्हा त्याच्या जागी आलेल्या ब्लेझला मात्र उगाच झोडपतात. त्याचा आवाज खालच्या पट्टीचा, आणि मैफलीत त्याला ब्रूसच्या पट्टीतली गाणी म्हणायला लावली. 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' त्याच्याच काळातली, ब्रूस परतल्यावरही ती मंचावर गायला. आमचा गायक ही दोन्ही ब्रूसची समजून गुणगुणायचा, आणि मला म्हणायचा की तुला मेडन कळत नाही.