मेंथिल क्लोराइड झायत्सेव्हचं का ऐकत नाही?

प्रश्न असा: मेंथिल क्लोराइड आणि सोडियम इथॉक्साइड दिलं होतं, झायत्सेव्हच्या नियमाप्रमाणे (ज्या दुहेरी बंधाला जास्त कार्बन-गट जोडलेले, तोच जास्त बनतो) ३-मेंथीन लिहिलं, उत्तर निघालं २-मेंथीन. सब्स्टिट्यूशन (हॅलोजनच्या जागी दुसरा गट येणं) की इलिमिनेशन (हॅलोजन आणि शेजारचा हायड्रोजन निघून दुहेरी बंध बनणं), झटकन ओळखायची युक्ती आहे का?

युक्तीनेच घात केलाय. ‘जलीय म्हणजे सब्स्टिट्यूशन, अल्कोहोलिक म्हणजे इलिमिनेशन’ असं घोकून घेणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. ब्रोमोइथेनला इथेनॉलमध्ये, ५५ अंशांना सोडियम इथॉक्साइड घाला: अल्कोहोलिक असूनही सुमारे ९० टक्के इथरच मिळतो, म्हणजे सब्स्टिट्यूशन. २-ब्रोमोप्रोपेन घेतलं की चित्र उलटतं, जवळपास ७९ टक्के प्रोपीन, म्हणजे इलिमिनेशन. इथॉक्साइडऐवजी सोडियम ॲसिटेट घातलं तर पुन्हा सब्स्टिट्यूशन. म्हणजे आधी हॅलोजनचा कार्बन प्रायमरी, सेकंडरी की टर्शरी (त्याला एक, दोन की तीन कार्बन जोडलेत) ते बघा, मग बेस किती तीव्र आणि किती बोजड ते.

आता मेंथिल क्लोराइड. इथे कागदावर सपाट षटकोन काढला की संपलं. चेअर, म्हणजे वलयाचा खुर्चीसारखा खरा आकार, काढायलाच हवी. ई२ मध्ये (तीव्र बेसने एकाच पायरीत होणारं इलिमिनेशन) क्लोरीन आणि शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन एकमेकांविरुद्ध, दोन्ही ॲक्शियल (वलयाला उभे) लागतात. मेंथिलच्या स्थिर चेअरमध्ये क्लोरीन, मिथिल, आयसोप्रोपिल तिन्ही इक्वेटोरियल (वलयाच्या कडेने बाहेर), म्हणून काहीच घडत नाही. चेअर उलटली की तिन्ही ॲक्शियल होतात. क्लोरीन सी-३ वर (तिसऱ्या कार्बनवर) आहे; मग त्याच्या विरुद्ध बाजूला सी-४ वर आयसोप्रोपिल बसलेला असतो, हायड्रोजन नाही. हायड्रोजन फक्त सी-२ वर सापडतो. म्हणून निव्वळ २-मेंथीन. नियम मोडलेला नाही, झायत्सेव्हला निवडायला दुसरा हायड्रोजनच मिळालेला नाही.

निओमेंथिल क्लोराइडमध्ये (रेणू तसाच, फक्त क्लोरीन उलट बाजूला) क्लोरीन स्थिर चेअरमध्येच ॲक्शियल असतो आणि दोन्ही बाजूंना योग्य हायड्रोजन असतात. तिथे सुमारे ७८ टक्के ३-मेंथीन, २२ टक्के २-मेंथीन मिळतं, आणि वेग मेंथिलच्या जवळपास २०० पट. चेअर उलटवण्याचा खर्च वाचतो ना!

एक राहिलंच: हे सगळं तीव्र बेस भरपूर असताना. ८० टक्के जलीय इथेनॉलमध्ये बेस अगदी विरळ असेल आणि मिश्रण तापवलं, तर मेंथिल क्लोराइड ई१ ने जातं: आधी क्लोरीन निघून कार्बोकॅटायन (धन प्रभाराचा कार्बन) बनतो, हायड्रोजन कुठल्या बाजूला आहे याला महत्त्व उरत नाही आणि ३-मेंथीनच जास्त मिळतं. प्रश्नात बेसची मोलॅरिटी (संहती) दिली असेल तर ती आधी वाचा.