टेक्निकल कधी द्यायचा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

खानापूरच्या मॅचनंतर तू फोनवर विचारलंस, बास्केटबॉलची पंचगिरी करताना पोरं उद्धट वागली तर टेक्निकल, म्हणजे धक्काबुक्कीचा नव्हे तर वागण्याचा फाउल, कधी द्यायचा आणि कानाडोळा कधी करायचा. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी बघायचं, तो कुणाकडे तोंड करून बोलतोय. सोपा शॉट चुकला, पोरगं मांडीवर थाप मारून ओरडलं, अगदी शिवी हासडली, तरी ते त्याचं त्याच्याशी चाललंय. चालू दे. तीच शिवी तुझ्याकडे, समोरच्या खेळाडूकडे किंवा गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाकडे बघून आली, की शिट्टी तुझी. आपल्या भागात तर कानांपेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवलेली बरी. एकाच कोर्टावर खानापूरचा मराठी, गोकाकचा कन्नड आणि गोव्याचा कोंकणी बोलणारा असतो, शिव्या तिन्हीकडून येतात. काय म्हणाला ते कळलं नाही तर अंदाजानं शिट्टी मारू नकोस, पण ज्याला म्हणाला त्याचा चेहरा बघून ठेव. आणि मराठीला सोडलं, कन्नडला धरलं असं म्हणायला कुणाला जागा ठेवू नकोस. तसं एकदा झालं की बास्केटबॉल राहतो बाजूला आणि सीमाप्रश्न कोर्टावर येतो.

बारीकसारीक, नकळत झालेली, खेळावर परिणाम न करणारी गोष्ट सोडून द्यायची किंवा ताकीद देऊन भागवायची मुभा नियमांतच आहे. ताकीद मात्र बॉल डेड, म्हणजे खेळ थांबलेला, आणि घड्याळही थांबलेलं असतानाच द्यायची, आणि कोचलाही सांगायची. ती एकट्या पोराला नसते. त्या प्रकारच्या वागण्यापुरती सगळ्या टीमला, मॅच संपेपर्यंत लागू असते. आपले पंच नेमकं हेच विसरतात. सात नंबरला ताकीद देतात, मग अकरा नंबरनं तेच केलं की त्यालाही ताकीद. पोरं हुशार, पाळी लावून घेतात.

काही गोष्टींना ताकीद नाही. बास्केट करून खाली पडलेल्याच्या डोक्याशी उभं राहून दात काढणं, डोळ्यांपुढे हात नाचवून नजर अडवणं, प्रेक्षकांना चिथावणारे हातवारे. रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल, घेऊन कोपरं गरागरा फिरवणाराही त्यातच, कोपर कुणाला लागलं नसलं तरी. लागलं तर मामला अंगाला भिडलेल्या फाउलचा होतो, तिथे अनस्पोर्ट्समनलाइक (खेळाला न शोभणारा) की थेट डिस्क्वालिफाइंग (मॅचमधून काढणारा) ते ठरव. बास्केटबॉल शोधून काढणाऱ्या नेस्मिथनं १८९१ मध्ये जे १३ नियम लिहिले, त्यांतसुद्धा इजा करायच्या हेतूनं फाउल करणाऱ्याला उरलेल्या मॅचभर बाहेर बसवायचं होतं, आणि बदली खेळाडूही द्यायचा नव्हता. आपण त्या मानानं फारच मवाळ.

शिक्षा तशी मोठी नाही. समोरच्या टीमला एक फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचा शॉट, मग खेळ थांबला होता तिथूनच पुढे. पाच फाउल झाले की खेळाडू बाद, त्या पाचांत आणि टीमच्या खात्यात हाही धरला जातो. दोन टेक्निकल झाले, किंवा एक टेक्निकल आणि एक अनस्पोर्ट्समनलाइक, तर मात्र तो बाहेर. म्हणून पहिला राखून ठेवू नकोस. पहिल्या क्वार्टरमध्ये दिलेला टेक्निकल दोन्ही बेंचना बरोबर ऐकू जातो. तीन क्वार्टर ऐकून घ्यायचं आणि चौथ्यात दोन पॉइंटांचा फरक असताना एकदम नियम आठवायचा, याला लोक पंचगिरी म्हणत नाहीत. त्यांचे शब्द इथे लिहीत नाही.

देताना शिट्टी मार, दोन पावलं मागे सरक, हातांचा टी कर, टेबलाला नंबर दाखव, झालं. त्याच्या तोंडाजवळ जाऊन भाषण देऊ नकोस. तुझाही पारा चढलेला असेल तर एक श्वास घे, तेवढ्यात फाउल कुठे पळून जात नाही.

मुलगी आहेस म्हणून पोरं तुला जोखणार. ‘मॅडम, नियम वाचून या’ असं कुणीतरी हसत हसत म्हणेलच, आणि बेंचवरही खसखस पिकेल. हसत म्हटलं म्हणून अपमान कमी होत नाही. पहिल्याला ताकीद, कोचच्या कानावर घालून. दुसऱ्यानं म्हटलं की टी, मग तो त्यांचा कॅप्टन का असेना.

एक अडचण मात्र पुस्तकात नाही. डिस्क्वालिफाय झालेल्यानं ड्रेसिंग रूममध्ये जायचं किंवा इमारत सोडायची, असा नियम आहे. आपल्याकडे सिमेंटच्या उघड्या कोर्टाला कसली ड्रेसिंग रूम? पोरगं बोर्डामागच्या कट्ट्यावर बसून तिथूनच तोंड चालू ठेवतं. म्हणून मॅच सुरू व्हायच्या आधीच संयोजकांना विचारून घे, बाहेर काढलेला कुठे जाणार आणि त्याच्याबरोबर कोण जाणार. तो गेटबाहेर पडेपर्यंत फ्री थ्रोसाठी बॉल हातात देऊ नकोस. थेट डिस्क्वालिफाय केलं असेल तर रिपोर्ट त्याच रात्री लिही, पोराचे शब्द जसेच्या तसे, आपलं मत न मिसळता. लिहायला लाज वाटली तरी तेच शब्द लिही.

तुझे,
सर